कारण लिहा

सोहारच्या बंदराजवळ, टाकी क्रमांक अकराच्या सावलीत
आमचं पोर्टाकॅबिन.
आत एसी घरघरतो. जूनची दमट हवा
खिडकीच्या काचेला बाहेरून घाम आणते
आणि मी, मोरेश्वर खातू, डॉक्युमेंट कंट्रोलर,
सकाळी सातला कुलपं सांभाळायला बसतो.

कुलपं म्हणजे काय, नावापुढचा एक चौकोन.
टिचकी मारली की माणूस आत,
पुन्हा मारली की बाहेर.
पाइपांचे नकाशे सगळ्यांनी बघावेत,
बदलावेत मात्र तिघांनीच.
दरपत्रकं फक्त शैमाबाईंना,
त्या रजेवर असल्या की कुणालाच नाही.
काही फोल्डर तर असे,
की ते आहेत हेसुद्धा कळू द्यायचं नाही.
ज्याला परवानगी नाही त्याला दार दिसतच नाही,
भिंत दिसते,
आणि भिंतीला कोण कशाला ठोठावील?

वडील लांज्याच्या तहसिलात रेकॉर्ड राखायचे.
तांबड्या फडक्यात बांधलेली दप्तरं,
किल्ली करगोट्याला.
नकलेचा अर्ज पुढे आला की चष्म्यावरून बघत विचारायचे,
"कशाला हवी?"
उत्तर काही का असेना, नक्कल मिळायची.
पण विचारायचे.
आईने मीठ मागितलं तरी हेच विचारतील
म्हणून आम्ही पोरं हसायचो.

आता तो प्रश्न माझ्या पडद्यावर छापील आहे.
कारण लिहा. रकाना सक्तीचा.
लोक लिहितात: कामासाठी. अर्जंट. साहेबांनी सांगितलं.
एकाने नुसतंच टिंब दिलं.
यंत्राला तेवढं पुरतं.

मंगळवारी टाइमकीपर शाजीच्या लॉगिनवरून अर्ज आला.
हवा होता घटना-अहवाल,
अठरा एप्रिल, पाइपरॅक, उत्तर बाजू.
कारणाच्या रकान्यात, इंग्रजी अक्षरांतल्या मोडक्या हिंदीत:
मी तिथे होतो. पोलय्या, रिगर.

सेफ्टीच्या साहेबांनी चार मिनिटांत नाकारला.
नकारालाही कारण लागतं आमच्याकडे.
त्यांनी लिहिलं: संबंध नाही.

मला तो अहवाल दिसतो.
कुलपं लावणाऱ्याला दिसतंच,
बघायचं नसतं इतकंच.
बस भरू लागली तेव्हा उघडला.
सतरा पानं. फोटोंवर लाल बाण.
शॅकलचा नंबर, वाऱ्याचा वेग,
स्लिंगचं प्रमाणपत्र कधी संपलं ती तारीख.
बाराव्या पानावर 'मृत व्यक्ती: एक'
आणि खाली बारीक अक्षरांत,
'भार निसटण्यापूर्वी जवळच्या एका कामगाराने
आवाज दिल्याचे समजते.'
एका कामगाराने.
समजते.

कुणी काय उघडलं याचीही नोंद होते.
मोरेश्वर खातू, १८.१४, पाहिले.
ते रजिस्टर माझ्याकडे नाही, मस्कतला असतं.

पोलय्या मागच्या बाकावर होता,
हेल्मेट मांडीत, हेल्मेटात पाण्याची बाटली.
त्याने काही विचारलं नाही.
नकार शाजीने दुपारीच वाचून दाखवला असणार.
डाव्या हाताला खजुरांची रांग संपली,
मग ती भिंत, तिच्यावर कायम वाळत घातलेली जाळी,
मग कॅम्प.
उतरताना मी हळूच म्हटलं,
"तू ओरडला होतास. लिहिलंय त्यात."
तो पायरीवरच थांबला. मागचे खोळंबले,
कुणीतरी तेलुगूत शिवी हासडली.
"कितीदा ओरडलो," त्याने विचारलं,
"ते लिहिलंय?"

सकाळी सातला मी पुन्हा चौकोनांपुढे.
पहिला निरोप मस्कतहून, माझ्याच नावाचा.
अहवाल पाहिला, १८.१४.
कारण लिहा. रकाना सक्तीचा.

टिंब चालतं, मला ठाऊक आहे.
चहा थंड झाला.
रकाना अजून कोरा आहे.